आठ सोनेरी, एक काळा आणि पंचेचाळीस लिटर पाणी

घरात फिश टँक आणायचा ठरला की मासे किती, हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी आधीच सुटलेला असतो. आठ सोनेरी आणि एक काळा. मूळचा फेंगशुईचा हा हिशेब आपल्याकडे वास्तुशास्त्राच्या नावाखाली खपतो, आणि दुकानदारही तो बिनबोभाट मान्य करतो. नऊ मासे विकले जात असतील तर तो कशाला वाद घालेल? टँक मात्र बहुतेक वेळा दोन फुटी असतो. चोवीस इंच लांब, बारा रुंद, बारा उंच.

या टँकचं पाणी एकदा नीट मोजू. दोन घनफूट म्हणजे ५६ लिटरच्या थोडं वर. पण टँक कोणी काठोकाठ भरत नाही, वर दीड इंच मोकळा राहतो. तळाशी दीडदोन इंच वाळू, एखादा दगड, फिल्टर. उरतं ते ४५ लिटरच्या आतबाहेर. दुकानातला गोल्डफिश तेव्हा तीनचार सेंटिमीटरचा असतो, म्हणून नऊ जण आरामात मावल्यासारखे दिसतात. ओरांडा, रेड कॅप, ब्लॅक मूर असे गोलमटोल प्रकार वाढून १५ ते २० सेंटिमीटरचे होतात. साधा लांबट कॉमेट पाव मीटरच्याही पुढे जातो. नीट ठेवला तर गोल्डफिश दहापंधरा वर्षं जगतो. आपल्याकडे तो सहा महिन्यांत मरतो आणि 'त्याने घरावरचं संकट अंगावर घेतलं' म्हणून त्याच्या जागी दुसरा येतो. संकट बहुतेक वेळा अमोनियाचं असतं.

गोलमटोल गोल्डफिशसाठी सर्वसाधारण धरला जाणारा हिशेब असा: पहिल्या माशाला ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला ४०. नऊ माशांना झाले ३९५ लिटर. म्हणजे चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच टँक. काच, वाळू, पाणी, स्टँड मिळून वजन अर्ध्या टनाच्या वर. फ्लॅटच्या हॉलमध्ये एवढं धूड ठेवायची तयारी असेल तर खुशाल नऊ घ्यावेत.

'एवढ्या टँकमध्ये मासे किती?' या प्रश्नाला इंटरनेटवर तयार उत्तर मिळतं: गॅलनमागे एक इंच मासा. आपल्या मापात पावणेचार लिटरला अडीच सेंटिमीटर. हा नियम सडपातळ, दोन इंचांच्या आतल्या माशांपुरता कसाबसा चालतो, पुढे सपशेल फसतो. लांबी दुप्पट झाली की अंगाचं वजन दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं. दहा इंची एक ऑस्कर आणि एकेक इंचाचे दहा टेट्रा या नियमाला सारखेच वाटतात. प्रत्यक्षात त्या ऑस्करचं वजन दहाही टेट्रांच्या मिळून शंभरपट भरेल. दहा गॅलनच्या टँकमध्ये त्याला धड वळताही येणार नाही, घाणीचं तर सोडाच.

माझ्या मते मासे मोजत बसण्यापेक्षा त्यांचं खाणं मोजावं. पाण्यात बाहेरून जे पडतं त्यात खाद्य हीच मुख्य गोष्ट, आणि सगळी घाण त्यातूनच येते. डबीवर प्रथिनांचं प्रमाण छापलेलं असतं, साधारण ४० टक्के. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला काही भाग माशाच्या वाढीत जातो. बाकीचा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. फिल्टरच्या स्पंजवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य. पण ते साठत जातं, आणि साधा फिल्टर त्याचं काहीच करत नाही. आकडेमोड केली तर ४५ लिटरमध्ये एक ग्रॅम खाद्य शेवटी चार ते सहा पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) नायट्रेट तयार करतं.

आता रोज अर्धा ग्रॅम खाद्य पडतं असं धरा. आठवड्याला साडेतीन ग्रॅम, म्हणजे नायट्रेटची वाढ १५ ते २० पीपीएम. दर रविवारी पाव पाणी बदललं तरी उरलेल्या तीनचतुर्थांश पाण्यातलं नायट्रेट तसंच राहतं आणि त्यावर पुढच्या आठवड्याची भर पडते. हे वाढत वाढत कुठे थांबेल याचं गणित सोपं आहे. आठवड्याच्या वाढीला बदललेल्या पाण्याच्या हिश्श्याने भागायचं. १५ भागिले पाव, म्हणजे ६०. २० असेल तर ८०. निम्मं पाणी बदललं तर हेच आकडे ३० आणि ४० वर येतात. नायट्रेट २० च्या आत असलेलं उत्तम, पण निदान ४० च्या वर जाऊ नये, एवढं ध्येय ठेवलं तर दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलणाऱ्या माणसाला या टँकमध्ये रोज एक तृतीयांश ग्रॅमच्या वर खाद्य टाकता येत नाही. झाडं भरपूर असतील तर थोडी सूट मिळते.

एक तृतीयांश ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळत नाही. त्यापेक्षा सोपी खूण म्हणजे ३० ग्रॅमची डबी. दोन फुटी टँकमध्ये ती जवळजवळ तीन महिने पुरली पाहिजे. महिन्यात संपत असेल तर मासे जास्त आहेत किंवा हात सैल आहे, बहुधा दोन्ही. एवढ्या खाद्यावर सगळे मिळून साधारण दहाबारा ग्रॅम वजनाचे छोटे मासे पोसले जातात. १२-१३ सेंटिमीटरचा एकटा गोल्डफिश ३० ग्रॅमच्या पुढेमागे भरतो. म्हणजे या टँकमध्ये नऊ तर सोडाच, एकही मोठा गोल्डफिश बसत नाही.

नायट्रेट मोजायला बाटल्यांचं टेस्ट किट घ्या, पट्ट्या ढोबळ असतात. किटमध्ये नायट्रेटच्या दोन बाटल्या येतात. दुसरीतलं रसायन तळाशी बसलेलं असतं. ती बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवून, टेबलावर आपटून मगच थेंब टाकायचे, नाहीतर आकडा खोटा आणि सुखावणारा येतो. 'आमच्याकडे नायट्रेट पाचच आहे' असं सांगणाऱ्या पुष्कळांनी ती बाटली हलवलेली नसते.

मग दुकानात दोन फुटी काचेत शंभर मासे कसे जगतात? ते तिथे राहायला आलेले नसतात. चारआठ दिवसांत विकले जातात, त्यांना खायला बेताचंच घालतात, पाणी जवळपास रोज बदललं जातं आणि हवेची मोटर अहोरात्र चालू असते. शिवाय सकाळी मेलेले मासे गिऱ्हाईक यायच्या आत काढलेले असतात. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीत पाण्याच्या पिशव्यांत लटकवलेले मासे पाहून घरच्या टँकचा अंदाज बांधू नये.

लहान दिसणाऱ्या पिल्लांच्या बाबतीत तर डोळ्यांवर अजिबात विश्वास ठेवू नये. दुकानात 'शार्क' म्हणून मिळणारा करडा चपळ मासा म्हणजे पंगास. त्याची लांबी मीटरभराच्या पुढे जाते. व्हिएतनाममध्ये तो तळ्यांत टनावारी वाढवतात आणि हॉटेलात 'बासा' म्हणून त्याचेच काटे काढलेले तुकडे ताटात येतात. लाल पोटाचा 'पिरान्हा' म्हणून जो विकतात तो बहुतेक वेळा पाकू असतो. मासळी बाजारात किलोवर मिळणारा रूपचंद तो हाच. काच साफ करायला म्हणून आणलेला सकर ४०-४५ सेंटिमीटर होतो. तो शेवाळ खातो खरा, पण लहानपणी. मोठेपणी त्याला इतरांचं खाद्य आवडतं आणि घाण तो टँकमधल्या सगळ्यांपेक्षा जास्त करतो. शेवाळासाठी मासाच हवा असेल तर १२ सेंटिमीटरवर थांबणारा ब्रिसलनोज घ्यावा, तोही तीन फुटांच्या टँकमध्ये. दोन फुटी टँकमध्ये दोनतीन नेराइट गोगलगायी पुरतात. त्यांची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यामुळे त्यांची फौज होत नाही.

'मासा टँकच्या मापानेच वाढतो' हे वाक्य दुकानात दहादा ऐकायला मिळतं. वाढ खुंटते हे खरं, पण ती समजूतदारपणे थांबत नाही. साठलेल्या नायट्रेटमुळे, कमी ऑक्सिजनमुळे ती दबते. पाठीचा कणा वाकतो, डोळे अंगाच्या मानाने मोठे दिसू लागतात आणि मासा अर्ध्या आयुष्यातच जातो.

जागेचा हिशेब जुळला तरी कोण कोणाबरोबर राहील हा प्रश्न उरतोच. लोक तो स्वभावापासून सुरू करतात. मी पाण्यापासून सुरू करतो, कारण जोडी तिथेच सर्वात आधी फिसकटते. मुंबईला पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेच्या धरणांतून येतं. ते मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. पुण्याच्या उपनगरांत, मराठवाड्यात बोअरचं पाणी भरलं तर नळाला पांढरे थर बसतात, इतकं ते जड. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवतं. मऊ पाण्यात मॉली पर मिटून जागच्या जागी डुलत राहते आणि लोक तिला औषध देत बसतात. निऑन, कार्डिनल, रासबोरा, गुरामी हे मऊ पाण्यातले. म्हणजे मॉली आणि निऑन भांडत नाहीत म्हणून एकत्र ठेवले तरी दोघांपैकी एक जण कायम अवघडलेला राहणार. पाणी बदलण्यापेक्षा मासा बदलणं स्वस्त पडतं. आपल्या नळाला जे येतं त्यात सुखाने राहील तोच मासा आणावा.

पाण्याचं तापमान हा त्यापुढचा अडसर. गोल्डफिश १८ ते २३ अंशांतला, निऑन २५-२६ पर्यंत ठीक, डिस्कसला २८ ते ३० लागतात. गोल्डफिश आणि एंजल एकाच टँकमध्ये ठेवणं म्हणजे एकाला कायम ताप आणि दुसऱ्याला कायम थंडी. मे महिन्यात मुंबईच्या घरातलं पाणी ३०-३१ अंशांवर जातं, नागपूरला त्याच्याही वर. तिथे हार्लेक्विन रासबोरा, हनी गुरामी, गप्पी, एंजल, कार्डिनल टेट्रा, आणि तळाला राहणाऱ्यांत स्टर्बाय कोरिडोरास, हे निऑनपेक्षा जास्त टिकतात.

आता स्वभाव. पहिली कसोटी तोंडाची: जे तोंडात मावतं ते आज ना उद्या पोटात जातं. एंजल लहान असताना निऑनच्या थव्यात शोभून दिसतो. आठ महिन्यांनी निऑन एकेक करून कमी व्हायला लागतात, बहुधा रात्री, आणि मालक झाकणातल्या फटी बुजवत बसतो. दुसरी कसोटी शेपटांची. टायगर बार्ब हा मासा गुंड म्हणून बदनाम आहे. एंजलचे लांब दोरे, गप्पीचं शेपूट, फायटरचे पर, गुरामीच्या मिशा, सगळं तो कुरतडतो. पण ते चारपाचच्या टोळीत जास्त करतो. दहा जण असले की त्यांची भांडणं आपापसांत मिटतात. तरीही त्यांच्यासोबत लांब परांचा मासा ठेवू नये. शेजारी हवाच असेल तर जोडीला त्यांच्याइतकाच चपळ झेब्रा डॅनिओ, तोही तीन फुटांच्या टँकमध्ये.

थव्याने राहणाऱ्या माशांचे 'दोन दोन' आणणं ही आपल्याकडची खास सवय. दोन निऑन, दोन कोरिडोरास, दोन बार्ब, दोन गुरामी, जणू नोहाची नाव भरायची आहे. थव्याचा मासा सहाच्या आत असला की तो एकतर झाडामागे लपून राहतो, नाहीतर चिडका होतो. पाच जातींचे दोनदोन आणण्यापेक्षा एका जातीचे दहा आणले तर तेवढ्याच पाण्यात ते धीट होतात, रंग खुलतो आणि टँक भरल्यासारखा दिसतो. गर्दी न करता टँक भरलेला दाखवायची हीच एक युक्ती मला खात्रीची वाटते.

उलट फायटरचा नर एकटाच बरा. रंगीत, लांब शेपटाच्या गप्पीला तो दुसरा फायटर समजतो. एकटा आहे म्हणून त्याला मूठभर बाटलीत ठेवायचं कारण नाही. १५-२० लिटर पाणी आणि मंद चालणारा स्पंज फिल्टर एवढं त्याला पुरतं. फ्लॉवरहॉर्नही एकटाच राहतो, पण चार फुटी टँकमध्ये. त्याचा 'मित्र' म्हणून दुसरा मासा आणणाऱ्याला तो मित्र सकाळी तरंगताना सापडतो.

दोन फुटी टँक मऊ पाण्याच्या गावात असेल तर माझी निवड ठरलेली आहे: दहा हार्लेक्विन रासबोरा, हनी गुरामीची एक जोडी, दोन नेराइट. बस्स. जड पाणी असेल तर सातआठ नर गप्पी. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टँक असेल, म्हणजे काठोकाठ धरला तर दीडशे लिटरच्या पुढे, तर एंजलचा विचार करता येतो. पाचसहा पिल्लं आणायची, ती वाढताना त्यातली एक जोडी जमते, आणि जमली की बाकीची परत द्यायची. हे परत देणं लोक टाळतात. मग जोडी अंडी घालते, टँकचा निम्मा भाग अडवते आणि उरलेले तिघे-चौघे एका कोपऱ्यात उभे राहून दिवस काढतात. जोडीबरोबर तळाला सहा स्टर्बाय कोरिडोरास चालतात. त्यांना बारीक, गुळगुळीत वाळू हवी. टोकदार रंगीत खड्यांवर तोंड खुपसून त्यांच्या मिशा झिजतात.

गप्पीच्या बाबतीत नरच का, हे सांगायला हवं. हिवताप विभाग डासांच्या अळ्या खायला विहिरी-टाक्यांत गप्पी सोडतो, त्यामागे त्यांचा भराभर वाढणारा वंश हे एक मोठं कारण आहे. मादी साधारण चार आठवड्यांनी वीस ते चाळीस पिल्लं देते. नर काढून टाकला तरी पूर्वीच्या संगाच्या बळावर पुढचे कित्येक महिने देत राहते. दुकानातून आणलेली एकटी मादी बहुतेक वेळा गाभणच असते. म्हणजे तीन मादी आणि एक नर आणणारा माणूस दिवाळीला शंभर माशांचा धनी होतो. एकही मासा विकत न आणता टँक कोंबला जातो तो असा.

मुद्दाम गर्दी करायचा एक प्रकारही आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. आफ्रिकेतल्या मलावी तलावाच्या खडकांत राहणारे म्बुना सिक्लिड इतके भांडखोर असतात की टँकमध्ये मोजके ठेवले तर सर्वात दांडगा नर एकेकाला गाठून मारतो. जास्त ठेवले की त्याचा राग वाटला जातो. पण त्याला चार फुटी टँक, दगडांच्या कपारी, दुप्पट ताकदीचे फिल्टर आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलणं लागतं. आठवड्याच्या वाढीला निम्म्याने भागायचं ते गणित इथे अक्षरशः जीव वाचवतं. सिक्लिडची गर्दी पाहून तोच प्रयोग एंजलवर करणाऱ्यांची संख्या कमी नाही.

आपल्या मातीतल्या माशांचा मोह पडणं साहजिक आहे. केरळच्या नद्यांतला लाल-काळ्या पट्ट्यांचा 'मिस केरला' फार देखणा. त्याच्या वंशाला २०१३ मध्ये सह्याद्रीवरून 'सह्याद्रिया' असं शास्त्रीय नाव मिळालं. पण तो वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला. वाढून १२-१५ सेंटिमीटर होतो आणि सहाच्या थव्यात सुसाट पोहतो. चार फुटांखाली त्याला हात लावू नये. त्याची नैसर्गिक संख्या घटल्याने तो धोक्यातल्या जातींत मोडतो, म्हणून त्याचा मोह आवरलेलाच बरा.

गर्दीचा खरा हिशेब चुकता होतो तो उन्हाळ्यात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. त्यात रात्री झाडंही प्राणवायू घेतात. म्हणून टँक जास्त भरलाय का हे पाहायचं असेल तर दिवा लावण्यापूर्वी, पहाटे पाहावं. मासे पृष्ठभागाशी तोंड लावून हापसत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर टँकमध्ये गर्दी आहे. संध्याकाळी आठ वाजता सगळं छान दिसतं, त्याला काही अर्थ नाही. गुरामी आणि फायटर वरची हवा थेट घेऊ शकतात, त्यामुळे वीज गेली की तेच शेवटपर्यंत टिकतात. वीज दोनतीन तासांच्या वर जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप खाद्याच्या डबीइतकाच गरजेचा आहे. पाण्यावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोनतीन अंश उतरतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत चांगले, मुंबईच्या दमटपणात कमी. मात्र उडालेल्या पाण्याच्या जागी रोज बोअरचं पाणी ओतत राहिलं तर क्षार साठत जातात. भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे.

कोंबलेल्या टँकचा एक प्रकार फार फसवा असतो. मऊ पाण्यात आम्लता आवरणाऱ्या क्षारांचा आधार कमी. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना तो आधार खाऊन टाकतात आणि पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) हळूहळू साडेसहाच्या खाली घसरतो. तिथे जिवाणू मंदावतात, अमोनिया साठतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो बिनविषारी रूपात असतो. मासे जगतात, मालक निर्धास्त. मग एके दिवशी तो निम्म्याहून जास्त ताजं पाणी भरतो. पीएच एकदम वर जातो. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनियाचा हिस्सा जवळपास दहापट होतो. दुपारपर्यंत मासे आडवे. दोष नळाच्या पाण्याला दिला जातो, आणि पुढचे सहा महिने पाणी बदललंच जात नाही. असा जुना, दुर्लक्षित टँक हाती आला तर रोज दहा टक्के पाणी बदलत आठवडा-दोन आठवड्यांत त्याला वर आणावं.

महिन्यातून एकदा मासे बादलीत काढून सगळा टँक सर्फाने घासून, वाळू ऊन पाण्यात धुऊन नवा भरायचा, ही आपल्याकडची दुसरी हमखास रीत. त्यात जिवाणूंची वसाहत नळाखाली वाहून जाते आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. नव्या टँकमध्ये ती वसाहत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आलेत का ते तपासत राहावं आणि मगच मासे वाढवावेत. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टँकमधला वापरातला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. स्पंज पिळायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही. ताज्या पाण्यातला क्लोरीन घालवायला चोवीस तास उघड्या बादलीत ठेवावं किंवा अँटिक्लोरीन वापरावं.

नको झालेला मासा नदीत, तळ्यात, देवळाच्या कुंडात सोडून पुण्य मिळत नाही. गंगेपासून पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांपर्यंत सकर पसरलाय तो असाच, कुणाच्या तरी टँकमधून. कोळ्याच्या जाळ्यात तो आला की काटेरी कवचाने जाळं फाटतं आणि त्याला गिऱ्हाईक नसतं. बरेच दुकानदार फुकट मिळालेला मासा परत घेतात. फक्त विचारायची लाज सोडावी लागते.

नवा मासा आणताना क्रम पाळावा. थव्यातले शांत मासे आधी, जागेवर हक्क सांगणारा सर्वात शेवटी. एका वेळी तीनचारच, आणि पुढची खेप दोन आठवड्यांनी, म्हणजे जिवाणूंना वाढलेल्या खाद्याशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. त्याआधी दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात, स्पंज फिल्टर लावून ठेवलं तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टँकमध्ये शिरत नाही. टबातून हलवायच्या दिवशी टँकमधले दगड-लाकडं थोडी इकडेतिकडे करावीत, त्यामुळे जुन्यांच्या ठरलेल्या हद्दी मोडतात. दिवा बंद ठेवावा. दुकानातून आणलेली पिशवी वीस मिनिटं टबाच्या पाण्यावर तरंगू द्यावी, मग दर पाचदहा मिनिटांनी अर्धी वाटी टबाचं पाणी तीत घालत राहावं. शेवटी मासा जाळीने काढून सोडावा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतावं. त्या दिवशी नव्याला खायला काही घालू नये.